पुण्यातली ज्यू-ख्रिस्ती ठिकाणं पायी बघताय? या चुका टाळा

सर्वांत आधी वार बघा. सुट्टी शनिवार-रविवारी, म्हणून फेरीही तेव्हाच, हे गणित इथे चालत नाही. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर सुटतो. त्या वेळात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं उपासनास्थळ, प्रार्थनेचं असतं, बघ्यांचं नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना. म्हणजे तुमची सुट्टी दोन्हीकडे आडवी आली. मी सरळ मंगळवार किंवा बुधवारची सकाळ धरतो. अर्धी रजा टाकायला जीवावर येत असेल, तर बाहेरून विटा बघून समाधान माना.

मागे एका शनिवारी कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, फाटकाशी असाच एक घोळका बघितला. गळ्यात स्पीकर अडकवलेला एक उत्साही तरुण बंदोबस्तावरच्या पोलिसाशी हुज्जत घालत होता. "काका, पाचच मिनिटं, आम्ही लांबून आलोय." काका विचारत होते, "परवानगी काढली का?" काढली नव्हती. तेवढ्यात घोळक्यातल्या एका बाईंनी फाटकाच्या गजांमधून फोन आत घातला आणि प्रार्थनेला निघालेल्या कुटुंबाचं चित्रीकरण सुरू केलं. पोलिसाने सगळ्यांसमोर ते पुसायला लावलं, ते बरंच केलं. मग हा तरुण मंडळींना रस्त्यापलीकडे घेऊन गेला आणि स्पीकरवरून म्हणाला, "हे ब्रिटिशांनी बांधलेलं चर्च आहे, पुढे ससून नावाच्या पारशी शेटजींनी ते विकत घेतलं." लोक माना डोलावत होते.

एका वाक्यात तीन चुका, आणि तिन्ही पुण्यात सर्रास ऐकू येतात. मनोरा उंच आणि गॉथिक धाटणीचा दिसला की लोक चर्च समजून मोकळे होतात. ही वास्तू पहिल्या विटेपासून सिनेगॉगच आहे, ओहेल डेव्हिड. काम 1863 मध्ये सुरू झालं, 1867 मध्ये संपलं. पैसा डेव्हिड ससून यांचा. ते पारशी नव्हेत, बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. कापसाचा व्यापार होता तसा अफूचाही होता, हेही सांगत चला, नाहीतर नुसती आरती होते. 1864 मध्ये ते पुण्यातच वारले, म्हणजे पुरी झालेली वास्तू त्यांनी पाहिलीच नाही. त्यांची कबर तिथेच आवारात आहे. ब्रिटिशांचा संबंध एवढाच की आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. ससून हॉस्पिटल आणि डेक्कन कॉलेजचे आराखडेही त्यांचेच, त्यामुळे या तिन्ही इमारती लागोपाठ बघण्यात गंमत आहे. रिक्षावाल्याला मात्र 'ओहेल डेव्हिड' सांगू नका, 'लाल देऊळ' म्हणा.

परवानगी आठवडाभर आधी विश्वस्तांकडे मागावी. मूळ ओळखपत्र जवळ हवं, मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालू नये. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर ज्यू ठिकाणांवर पहारा का असतो, हे कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी न्यावी. मी खिशात रुमाल ठेवतोच.

आता माझा खरा राग. फेरी कॅम्पात सुरू होते, कॅम्पात संपते, आणि शेवटचा तासभर श्रूजबेरी बिस्किटांच्या रांगेत जातो. जणू ज्यू आणि ख्रिस्ती म्हणजे साहेबाचं सामान, पेठांशी त्यांचा संबंधच नाही! क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, त्यांच्या पदरी असलेल्या गोव्याच्या कॅथलिक शिपायांसाठी. साल 1792, तेव्हा शनिवारवाड्यावर अजून भगवा होता. तिथून चालत रास्ता पेठेत या. इथलं सुक्काथ शेलोमो सिनेगॉग बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू समाजाचं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली'. आडनावं पेणकर, राजपूरकर, केहिमकर, घरात मराठी. नवस फेडायला एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. ससून यांच्यासारख्या बगदादी ज्यूंच्या घरची भाषा मात्र अरबी, पुढे इंग्रजी. दोघांना एकाच वाक्यात गुंडाळणारा वाटाड्या दिसला की मी काढता पाय घेतो.

पुढे गुरुवार पेठेत पंचहौद, ख्रिस्ती मिशनचं आवार. इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, "तो चहा कुठे प्याले?" 1890 चं चहा प्रकरण मोठंच, टिळक-रानडे मिशनमध्ये चहाला गेले, गोपाळराव जोश्यांनी नावं छापवली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. पण चहाच्या कपापायी पवित्र नाम देवालयाकडे पाठ फिरवू नका. देवालय 1885 चं, घंटांचा मनोरा वेगळा उभा, त्यात आठ घंटा. जमलं तर मराठी उपासना मागच्या बाकावर बसून ऐका, फोन बंद ठेवून.

बाकी किरकोळ. कॅम्प आणि पेठा एकाच सकाळी कोंबू नका. मी दोन वेगळे दिवस ठेवतो. गाडी क्वार्टर गेटला नेऊ नका. कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च 1825 चं, बिशप हीबर यांनी प्रतिष्ठापना केलेलं. तिथे भिंतीवरच्या स्मृतिफलकांना वेळ द्या, नुसता दर्शनी फोटो काढून पळू नका. स्पीकर घरी ठेवा. आणि निघताना दानपेटीत काहीतरी टाका, देखभालीचा खर्च मोजकीच माणसं उचलत असतात.