नेम धरायचा तर संकल्प नीट सोडा

ठाणे स्टेशनवर सकाळची नेहमीची लोकल पकडणाऱ्याला विचारा, 'हीच गाडी पकडायची असा निश्चय कधी केलात?' तो हसेल. गाडी ठरलेली, डबा ठरलेला, फलाटावर उभं राहायची जागासुद्धा ठरलेली, आणि एक दिवस दिसला नाही तर 'काल कुठे होतात?' विचारणारी चार माणसं डब्यात. स्वतःसाठी लावायच्या सवयीला मात्र आपण यातलं काहीच देत नाही. नुसतं 'उद्यापासून चालायला जाणार' म्हणतो.

मीही म्हणायचो. घोडबंदर रोडवरच्या एका जिमचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले आणि मोजून अकरा दिवस गेलो. यंदा मे महिन्यापासून मात्र तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याकाठी, चालायला जातोय. काय वेगळं केलं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम म्हणजे नेम कोणाचा ते ठरवणं. जिम माझी नव्हतीच, ऑफिसातल्या मित्राला जोडीदार हवा होता. पूजेत गुरुजी सगळे मंत्र आपल्या वतीने म्हणतात, पण संकल्पाच्या वेळी थांबून सांगतात, 'तुमचं नाव, गोत्र म्हणा.' तेवढं आपल्याच तोंडून यावं लागतं. म्हणून एका कागदावर 'मी'ने सुरू होणारं एक वाक्य लिहा. 'डॉक्टर म्हणाले म्हणून' असं उतरलं तर कागद फाडा, पुन्हा लिहा. माझं वाक्य होतं: 'मी स्टेशनचा पूल मध्ये न थांबता चढणार.'

दुसरं काम जागा आणि वेळ बांधायचं, आणि खरी मेख इथेच आहे. संकल्पात आधी पत्ता येतो: गोदावरीच्या दक्षिण तीरावर, अमुक संवत्सर, अमुक तिथी, अमुक वार. एवढं झाल्यावर मग 'करिष्ये'. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात साधारण हेच मांडलं. 'व्यायाम करेन' असं मोघम ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' असं ठरवलेलं जास्त तडीस जातं. तेव्हा घड्याळाऐवजी रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट पकडा. गजर बंद करता येतो, चहाचा कप मात्र मी रोज विसळतोच. कप पालथा घातला की बूट, आणि गडकरी रंगायतनच्या बाजूने तळ्याला एक फेरी. एकच. दोन माराव्याशा वाटल्या तरी पहिला महिनाभर एकच.

ठाण्यात राहून पावसाचं कलम घातलं नाही, तर जुलैत नेम वाहून गेलाच म्हणून समजा. माझं कलम: पाऊस असेल तर जिन्याने चार मजले, तीनदा. हे आधीच लिहून ठेवायचं. बाहेर सर कोसळत असताना वाटाघाटी करायला बसलात की हरलात.

आता साक्षीदार. एकच माणूस निवडा. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करू नका. चाळीस अंगठे मिळतात आणि न चालताच चालून आल्याचं समाधान होतं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, "काका, सोमवारपासून चालायला जाणार आहे."

"बरं," ते म्हणाले. "मी साडेसहाला दूध घ्यायला गेटवर असतो. दिसशीलच."

बास. त्या 'दिसशीलच'ने किती तरी सकाळी मला अंथरुणातून बाहेर काढलंय.

किती दिवस रेटायचं? सवय एकवीस दिवसांत लागते, हे गणित विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८, तर कुणाला थेट २५४ लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर मुरल्या, व्यायाम उशिरा. आपला चातुर्मास चार महिन्यांचा आहे, तो मला उगाच वाटत नाही. आजी वांगं सोडायची ते चंपाषष्ठीच्या भरितापर्यंत, आणि मधल्या काळात तिला त्याची आठवणसुद्धा यायची नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा मिळतो. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस बुडाला की सगळ्यावरच पाणी सोडतो. (संकल्पही पाणी सोडूनच करतात, ही आपल्या भाषेची गंमत.) म्हणून दुधाचा हिशोब ठेवतो त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच नेमाचेही खाडे मांडा. गेलेल्या दिवसांच्या खुणा नकोत, फक्त खाडे. नियम एकच, लागोपाठ दोन खाडे नाहीत. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी निम्मी फेरी का होईना, पण उतरायचं.

माझ्या ऑगस्टच्या पानावर दुधाचे तीन खाडे आहेत आणि माझे पाच. दूधवाल्याला अजून गाठायचंय.