पेरणी उरकली की माळाकडे वळा: वेडी बाभूळ आणि आपलं गवत

मृग-आर्द्रात खान्देशातला शेतकरी कपाशी, मका, ज्वारीच्या मागे असतो. बांधापलीकडच्या माळाकडे बघायला कुणालाच सवड नसते. पण ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याच्या वर्षभराच्या चाऱ्याचं काय होणार ते याच दिवसांत ठरतं. शिंदखेडा, साक्री, पारोळा, अमळनेरच्या बरडांवर, गायरानांत आणि नदी-नाल्यांच्या काठाने वेडी बाभूळ, म्हणजे चाऱ्याचं गवत हटवणारी परदेशी काटेरी बाभूळ, पसरली आहे. ती तोडायची मोहीम अनेक गावं काढतात, पण गवत सावरल्याशिवाय ती पुन्हा पुन्हा येतच राहणार.

गवताच्या मुळांचं जाळं वरच्या फूट-दीड फुटात असतं. पडलेल्या पावसावर पहिला हक्क त्याचा. नव्याने उगवलेलं बाभळीचं रोपही सुरुवातीला याच थरातल्या ओलीवर जगतं. त्यामुळे मारवेल, पवन्या किंवा शेडा यांसारख्या दाट गवतात उगवलेली बरीचशी बाभळीची रोपं पाणी आणि ऊन न मिळाल्याने मरतात. चरून चरून माळ बोडका झाला की हेच रोप निर्धास्त वाढतं. एकदा त्याचं सोटमूळ खोल उतरलं, की गवत त्याचं काही वाकडं करू शकत नाही. मग दोन झुडपांमधली जमीन उघडी पडते, जोराचा पाऊस तिथली माती नेतो आणि ती माती-पाचोळा झुडपांच्या बुडाशी साचतो. खत-पाणी झुडपाला आणि कडक पापुद्रा गवताला, अशी वाटणी होऊन बसते.

हे कुठवर जातं, ते अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा या वाळवंटी गवताळ भागात दिसलं. तिथल्या सुमारे ५८ हजार हेक्टरांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जमिनीवर १८५८ साली चांगलं गवत होतं. १९६३ पर्यंत ते २५ टक्क्यांच्याही खाली आलं. तिथे मुख्यतः घुसलं ते मेस्किट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भाऊबंद. गुरांनी पसरवलेलं बी, अति चराई आणि दुष्काळ ही कारणं अभ्यासकांनी नोंदवली. तिथे वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोरड्यात कोरड्या तालुक्यातही साधारण त्याच्या दुप्पट पडतो, म्हणून आपलं गवत परत आणणं शक्य आहे असं मी ठामपणे म्हणतो.

आता कामाचं. दोन चांगले पाऊस झाले की ओल्या मातीत रोपं उपटा. वीतभर रोप हाताने निघतं. त्याहून मोठ्याला कुदळ लागते, कारण मूळ मधेच तुटलं तर ते पुन्हा फुटतं. गावठी बाभूळ, हिवर, बोर मात्र उपटू नका. ओळख सोपी आहे. वेड्या बाभळीच्या पानाच्या मधल्या दांडीला बहुधा एक-दोन, फार तर तीन जोड्या छोट्या दांड्या असतात आणि त्यांवरची छोटी पानं लांबट असतात. गावठी बाभळीला जोड्या जास्त आणि पानं अगदी बारीक. शेंग बघितली तर शंकाच राहत नाही: गावठीची मण्यांच्या माळेसारखी, दाण्यादाण्याला आवळलेली; वेडीची पिवळसर, सलग आणि गरदार.

मोठं झाड जमिनीच्या वर कापाल तर एका खोडाचे अनेक फुटवे होतील. बुंध्याभोवती उकरून, जमिनीखाली वीतभर उतरून, फुटवे येतात त्या गाठीच्या खालून मूळ तोडा. जाळू नका, वणव्याने मोठी बाभूळ मरत नाही, गवताचं बी मात्र जातं. जेसीबीने एका दिवसात माळ साफ होतो खरा, पण उकरलेल्या मातीत जुनं बी पडलेलंच असतं. जेवढं गवत लावता येईल तेवढंच क्षेत्र दर वर्षी हाती घ्या.

उघड्या जागेत लगेच मारवेलीची ठोंबं दीड-दीड फुटावर लावा. तोडलेल्या काटेरी फांद्या, शेंगा झाडून, त्यावर पसरा; शेळ्या तोंड घालत नाहीत आणि माती धरून राहते. नंतर गवताला बी धरेपर्यंत, म्हणजे भाद्रपद-आश्विनापर्यंत, त्या तुकड्यात चराईबंदी ठेवा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून जंगल परत उभं केलं; गावाने मिळून ठरवलं तर हे जमतं. ठेलारी-धनगर बांधवांना या बैठकीत बोलवाच. त्यांची वाट अडवून केलेली बंदी टिकत नाही, आणि मेंढ्यांना दुसरा तुकडा देणं गावाचं काम आहे. कापणी करताना चार बोटं बुडखा ठेवा.

बी पसरतं ते मुख्यतः लेंडी-शेणातून. गोड शेंगा जनावर आवडीने खातं, पण कडक बी पोटातून शाबूत बाहेर पडतं. शेंगा खाल्लेली जनावरं आठवडाभर गोठ्यात बांधा, मगच राखलेल्या माळावर सोडा. शेंगा वाळवून बियांसकट बारीक दळल्या तर खुराकात थोड्या प्रमाणात चालतात आणि बीही मरतं.

काम गायरानावर असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. सरपण गोळा करणाऱ्या बायांनाही आधी विचारा. तोडलेलं लाकूड त्यांच्या चुलीपर्यंत पोचेल अशी सोय ठरवून मगच कुदळ उचला. दिवाळीनंतर एकदा आणि पुढच्या आषाढात पुन्हा फिरून, राहिलेले फुटवे कोवळे असतानाच काढा.