कॉर्नियाचं बटन आणि तीन स्टेन

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बदलल्यावर काढलेली जुनी चकती, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या भाषेत बटन. फॉर्मालिनच्या बाटलीतून टेबलावर येतं तेव्हा जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. फॉर्मवर सर्जननी ‘लॅटिस?’ एवढंच खरडलेलं असतं, म्हणजे अमिलॉइड (बिघडलेल्या प्रथिनाचे तंतू) साचणाऱ्या डिस्ट्रॉफीची शंका. ते वाचून नुसता अमिलॉइड दाखवणारा काँगो रेड लावायला धावू नका. डिस्ट्रॉफी, म्हणजे कॉर्नियात नको ते साचणारा आनुवंशिक आजार, म्हटली की मॅसन ट्रायक्रोम, काँगो रेड, अल्शियन ब्लू, हे तिन्ही स्टेन (रंग) करायचेच.

बटन मधोमध कापून मेणात कडेवर उभं बसवा. आडवं पडलं की थर दिसत नाहीत, ब्लॉक वितळवून पुन्हा सगळा खटाटोप. वरचाच भाग बदलला असेल तर एंडोथेलियम, म्हणजे सगळ्यात आतला पेशींचा थर, नसणारच, शोधत बसू नका.

मॅसनमध्ये निळ्या स्ट्रोमात (कॉर्नियाच्या मधल्या जाड थरात) लालभडक ढेकळं दिसली की हायलिन (प्रथिनाचा काचेसारखा साठा), म्हणजे ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफी. अल्शियन ब्लूने निळं साचलेलं दिसलं तर मॅक्युलर डिस्ट्रॉफी. तिथे साचतं ते मुळात प्रथिन नव्हे, म्युकोपॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. आई-वडील दोघांकडून सदोष जीन यावा लागतो, त्यामुळे आते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत हा जास्त.

खरी कसोटी काँगो रेडची. सेक्शन, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, 8 ते 10 मायक्रॉन जाड घ्या. नेहमीच्या 4 मायक्रॉनवर रंग फिका पडतो आणि थोडं अमिलॉइड हातचं जातं. अमिलॉइड नक्की असलेली, तुलनेसाठीची कंट्रोल स्लाइड त्याच बॅचमध्ये टाका. मग मायक्रोस्कोपला दोन पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या चकत्या) काटकोनात लावून बघा. कॉर्नियाचं कोलॅजन तसंही रुपेरी-पांढरं चमकतं, आणि नवी मुलं तेच बघून ‘पॉझिटिव्ह’ म्हणून मोकळी होतात. कच्च्या सफरचंदासारखा हिरवा दिसला तरच लिहा.

आता तिन्ही का, ते. ग्रॅन्युलर आणि लॅटिस दोन्हींत एकच प्रथिन बिघडतं, पाचव्या गुणसूत्रावरच्या टीजीएफबीआय जीनचं. हे 1997 मध्ये कळलं. त्या प्रथिनात 124 व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आलं की लॅटिस, हिस्टिडिन आलं की अव्हेलिनो. इटलीतल्या अव्हेलिनो भागातल्या कुटुंबांवरून पडलेलं नाव. यात हायलिन आणि अमिलॉइड एकाच बटनात सापडतात. एकच स्टेन केलात तर अर्धंच निदान हाती येईल.

दोन्ही दिसलं तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, पॅथॉलॉजिस्टना लगेच दाखवा. पेशंटच्या प्रत्येक मुलाला हा आजार येण्याची शक्यता निम्मी असते, आणि अशा डोळ्यावर चष्मा घालवायला लेसिक केलं तर साठे झपाट्याने वाढतात.