कोहाउसिंगची वेबसाइट: घर शोधणाऱ्यांना परत पाठवणाऱ्या या चुका टाळा

कोहाउसिंग म्हणजे प्रत्येकाचं घर स्वतंत्र, पण काही जागा आणि कामं सगळ्यांची मिळून, अशी वसाहत. तिची वेबसाइट उघडणाऱ्याला आधी एवढंच जाणून घ्यायचं असतं: मला इथे राहता येईल का? पण बहुतेक वसाहती सुरुवात करतात ती ध्येयधोरणांपासून. परस्परविश्वास, निसर्गाशी नातं, शाश्वत जीवन. हे सगळं मनापासून लिहिलेलं असतं, पण पानभर वाचूनही घर रिकामं आहे की नाही ते कळत नाही. ध्येयं जरूर लिहा, फक्त ती दुसऱ्या पानावर जाऊ द्या.

चौकशा येतात, पण सगळ्यांचे प्रश्न तेच

"स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच का?" "कमाईही एकत्र करायची का?" असं वारंवार विचारलं जात असेल, तर मूळ माहितीच द्यायची राहिली आहे असं समजा. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही २७ कुटुंबांची वसाहत उभी राहिली, तेव्हापासून या कल्पनेचा गाभा फारसा बदललेला नाही. प्रत्येकाचं स्वयंपाकघरासकट पूर्ण घर, शिवाय सर्वांचं मिळून एक सामाईक घर, तिथे अधूनमधून एकत्र जेवण आणि कारभार रहिवाशांच्याच हातात. उत्पन्न ज्याचं त्याचं. चार ओळींत हे सांगून होतं.

पैशांच्या बाबतीत तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "किमतीसाठी संपर्क करा" असं वाचलं की माणूस गृहीत धरतो, आपल्याला परवडणार नाही. घर विकत मिळतं की भाड्याने, साधारण किती पैसे लागतात, दरमहाच्या वर्गणीत सामाईक घराची वीज, विमा आणि दुरुस्ती निधी धरला आहे का, जेवणाचे पैसे वेगळे का, हे सरळ लिहा. आकडे बदलतात ही सबब पुरेशी नाही. आकड्यांशेजारी तारीख टाका.

लोक भेटीला येतात, पण पुन्हा दिसत नाहीत

बहुतेक ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. वेबसाइटवर हसरे चेहरे आणि फुललेली बाग, आणि भेटीत अचानक कळतं की श्रमदान आहे, बैठका आहेत, स्वयंपाकाची पाळी आहे. या गोष्टी वाईट नाहीत, पण उशिरा कळल्या की फसवल्यासारखं वाटतं. महिन्याला किती तास काम अपेक्षित आहे आणि आजारपणात किंवा तान्हं मूल असताना काय सवलत मिळते, ते आधीच सांगा.

एकत्र जेवणाबद्दल "आम्ही मिळून जेवतो" हे वाक्य फार अपुरं आहे. त्यापेक्षा एक संध्याकाळ लिहून काढा: आदल्या रात्रीपर्यंत फळ्यावर नाव लिहायचं, पाळी असलेले दोघं दुपारी चारला चिरायला बसतात, सात वाजता वाढायचं, भांडी तिसऱ्याच जोडीकडे, आणि ज्याला घरी खायचंय तो डबा भरून नेतो. एवढं वाचून माणूस स्वतःला तिथे बसवून बघू शकतो.

निर्णयांचंही तसंच. सर्वसहमतीने ठरवतो म्हणता, मग एकाने हरकत घेतली तर पुढे काय? मतदान होतं का? मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांवरून किंवा रात्रीच्या आवाजावरून वाद झाला असेल, तर कोणाचं नाव न घेता तो कसा सुटला ते लिहायला लाजू नका. वाद होतात हे वाचकाला ठाऊकच असतं, त्याला ते मिटतात का हे बघायचं असतं. माझ्या मते वसाहतीबद्दलचा विश्वास सर्वांत जास्त याच मजकुरातून तयार होतो.

फोटोंत माणसं असू द्या (मुलांच्या फोटोंना पालकांची परवानगी घेऊनच), आणि घरांचे नकाशेही. पुष्कळ वसाहतींत गाड्या कडेला लावून आत चालत जावं लागतं. ते अंतर किती, वाटेत पायऱ्या आहेत का, हे गुडघेदुखी किंवा व्हीलचेअर असणाऱ्याला सर्वांत आधी हवं असतं.

कोणी संपर्कच करत नाही

आधी चौकशीचा फॉर्म स्वतः भरून बघा. तो बऱ्याचदा वसाहत सोडून गेलेल्या सदस्याच्या मेलवर जात असतो. "आगामी कार्यक्रम" खाली जुन्या तारखा असतील तर काढा, वसाहत बंद पडली असं वाटतं. घर रिकामं नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि प्रतीक्षायादीत नाव कसं लागतं ते सांगा.

एवढं झालं की सर्वांत अलीकडे राहायला आलेल्या कुटुंबाला ही वेबसाइट वाचायला द्या. येण्यापूर्वी त्यांना जे विचारावं लागलं होतं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि उत्तरं पहिल्या पानावर टाका.