पंखाचं रबर ओढून नाही, सोडून बघा

माझं काम शाळेचे युनिफॉर्म शिवायचं. सोलापुरात हा धंदा गल्लोगल्ली आहे. हाफ पँटच्या कमरेला इलॅस्टिक लावण्यात माझी २२ वर्षं गेली. त्यामुळं मुलानं बाल्साच्या हलक्या लाकडाचं छोटं उडतं विमान बांधलं आणि त्याचा पंख रबरबँडनं बांधायचा असतो असं कळलं, तेव्हा ते खातं न मागता माझ्याकडं आलं.

रबर कशाला, स्क्रू का नाही, असं सगळेच विचारतात. स्क्रूवालीही विमानं असतात. पण शिकणाऱ्याचं विमान आपटणारच. पंखाचं टोक जमिनीला लागलं की रबर ताणतं, पंख जागेवरून सरकतो, फारच जोरात लागलं तर सुटून बाजूला पडतो, आणि लाकूड वाचतं. म्हणजे रबरानं हवेत धरायचं आणि जमिनीवर सोडायचं. घेताना दोन्ही बघावं लागतं.

आमचं विमान बॅटरीवरचं, वजन दीड किलो, पंखाची लांबी १४० सेंमी, रुंदी २३. पंखाच्या पुढं-मागं विमानाच्या अंगातून लाकडी दांड्या आरपार गेलेल्या असतात, त्यांना रबर अडकवायचं. पुढच्या दांडीपासून पंखावरून मागच्या दांडीपर्यंत टेप लावला तर २५ सेंमी भरतं. रबर न ताणता चपटं धरून याच्या साधारण एक तृतीयांश हवं, म्हणजे साडेआठ-नऊ सेंमी. परदेशी खोक्यांवर ज्याला ६४ नंबर म्हणतात ते साडेतीन इंच लांब आणि पाव इंच रुंद असतं, ते इथं बरोबर बसतं. नवी पेठेत नंबर सांगून उपयोग होत नाही. मी टेप घेऊन जाते आणि काउंटरवरच मोजते. दुकानदाराला वाटतं बाई वेडी आहे, वाटू दे.

आता खरी परीक्षा. पाकिटातलं एक रबर काढून त्यावर पेनानं २ सेंमी अंतरावर दोन रेघा मारायच्या. रेघांमधलं अंतर ८ सेंमी होईपर्यंत ताणायचं, मनात वीस आकडे मोजायचे आणि हळू सोडायचं. चांगल्या नैसर्गिक रबराच्या रेघा लगेच जवळजवळ २ सेंमीवर येतात. भडक पोपटी-गुलाबी रंगाचं जे चकचकीत रबर मिळतं, त्याच्या रेघा माझ्याकडं अडीचवरच रेंगाळल्या. ओढताना तेच जास्त दणकट लागतं बरं का, आणि इथंच माणूस फसतो. कमरेच्या इलॅस्टिकचंही असंच असतं. गिऱ्हाईक ओढून बघतं, आम्ही सोडून बघतो.

मग कडा बघा. रबर ताणून उजेडाकडं धरा. कापताना पातं बोथट असलं तर कडेला बारीक खाच राहते. कापडाला कात्रीचा नुसता टोक्या लागला की तिथूनच टर्रकन फाटतं, रबराचंही तसंच. शंभरातली पाच-सात अशी निघतातच. ती बाजूला.

सायकलची ट्यूब कापून रिंगा करायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. फुकटात काम, म्हणून केल्या. ट्यूबचं रबर जाड आणि आळशी. बांधलं तर पंख दगडासारखा बसला. केगावच्या पुढं ओळखीच्यांच्या रानात ज्वारी काढून झाली होती, तिथं उतरताना पंखाचं टोक धसकटाला अडकलं. पंखाला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढची दांडी विमानाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड फाडत मागं आली. दुरुस्तीला दोन रविवार गेले.

किती लावायची? दर अर्ध्या किलोला दोन, आणि वर आणखी दोन, असा माझा हिशोब. दीड किलोला ८. गोता मारून विमान वर उचलताना पंखावर वजनाच्या तीन-चार पट भार सहज येतो, म्हणजे आमच्या रबरांना पाच-सहा किलो धरायचे असतात. त्यातलं एखादं तुटलं तरी बाकीच्यांनी निभावलं पाहिजे.

आधी सहा सरळ, पुढून मागं, डावीकडं तीन, उजवीकडं तीन. शेवटची दोन तिरकी, एकमेकांवर फुली करून. ती खालच्यांना दांडीवरून घसरू देत नाहीत. पंखाची मागची कड नाजूक, तिथं रबर रुततं. मी शर्टाच्या घडीत कॉलरखाली जी प्लॅस्टिकची पट्टी येते तिचा तुकडा चिकटवलाय. बांधून झालं की शेपटीच्या मधल्या बिंदूपासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा, माप सारखं हवं. मग पंखाची पुढची कड बोटांनी वर उचला, फट पडता कामा नये. टोक हातानं मागं ढकला, थोडं सरकून आपोआप जागेवर यायला हवं. सरकलंच नाही तर एक जोडी कमी करा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर बांधून ठेवायचं नाही. मे महिन्यात सकाळी लवकर निघायचं म्हणून आम्ही रात्रीच पंख बांधून पत्र्याच्या खोलीत विमान ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघणं झालंच नाही. संध्याकाळी उडवलं, पहिल्याच वळणात पंखाची पुढची कड उचलली आणि विमान कडुलिंबात. काढून बघितलं तर रबरांवर आडव्या बारीक भेगा. ताणलेल्या रबराला ऊन आणि हवेतला ओझोन असाच खातो. आता उडवायच्या आधी बांधतो, उतरलं की सोडतो. रबरं टाल्कम पावडरमध्ये घोळून स्टीलच्या डब्यात, कपाटात.

तेलाच्या इंजिनाचं विमान असेल तर इंधनातल्या एरंडेलाचा थर रबराला घसरवतो. भांड्याच्या साबणानं धुवा, वाळवा, पावडर लावा, आणि आमच्यापेक्षा लवकर बदला.

हो, आणि होटगी रोडच्या विमानतळाच्या बाजूला विमान घेऊन फिरकायचं नाही.

डब्यातल्या रबरांची रेघांची परीक्षा मी दर महिन्याला घेते. नापास झालेली दुकानात पॅटर्नच्या कागदांच्या गुंडाळ्या बांधायला जातात. आमचे कटिंग मास्तर एक ओढून बघतात आणि म्हणतात, "अक्का, अजून चालतंय की हे." गुंडाळीला चालतंय.