आमटीत तिघांनी मीठ घातलं, मग काय केलं

आमच्या घरी रविवारी सगळेच स्वयंपाकी. आमटीत भावजींनी मीठ घातलं, मग ह्यांनी जाता जाता घातलं आणि वर सासूबाईंनी, "चव बघायची काय गरज गं, अंदाज हाय मला" म्हणत अजून एक चमचा! पहिला घास घेतला नि ह्यांचा हात सरळ तांब्याकडे.

सगळे म्हणाले बटाटा टाक, मीठ ओढतोय. टाकला की, पण बटाटा नुसतं खारट पाणी पितोय, उरलेली आमटी तेवढीच खारट. मग अर्धी आमटी डब्यात काढून ठेवली, कुकरला बिनमिठाची तूरडाळ लावली आणि ती घोटून, गरम पाणी घालून राहिलेल्या आमटीत मिसळून चांगली उकळली, वरून थोडा चिंचेचा कोळ नि गूळ, त्यानं मीठ कमी होत नाही पण जिभेला कमी लागतंय. भात येळ्ळूरच्या बासमतीचा, त्यातही मीठ नाही, त्यामुळं जेवण निभावलं.

डब्यातल्या आमटीत सकाळी कणीक भिजवली, मीठ न घालता, चपात्या झकास झाल्या.

आता मीठ घालणाऱ्यानं झाकणावर चमचा उपडा ठेवायचा असं ठरलंय. सासूबाई तो उचलून धुवायला टाकतात, ते वेगळं.