कंट्रोल-सी दाबलं आणि 'म' उमटला

कंट्रोल-सी दाबलं की चालू प्रोग्रॅमला 'थांब' असा सिग्नल जातो; तो आल्यावर चालणारं फंक्शन, म्हणजे सिग्नल हँडलर, तुम्हाला लिहिता येतं असं धरून चालतो. आत फक्त एक फ्लॅग लावा, छापायचं फंक्शन प्रिंटएफ घालू नका, बास. मी आपटलो ते त्याच्या बऱ्याच आधी.

पहिल्या नोकरीत मराठी डेटा एंट्रीसाठी लिनक्सवर टर्मिनलची, म्हणजे आत मजकुरी प्रोग्रॅम चालवणारी, खिडकी लिहिली होती. माझ्या इंग्रजी कीबोर्डवर सगळं झकास. डेमोला एंट्रीच्या ताईंनी इनस्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट चालू असतानाच कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्रॅम थांबेना. त्यांनी पुन्हा दाबलं, मग जोरात. पडद्यावर नुसतं 'मममम'. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या बटणावर म असतो, हे मराठी असूनही मला ठाऊक नव्हतं!

आता हे नीट वाचा, मला कोणी सांगितलं नव्हतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) टीटीवायला, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाला, बटण दिसतच नाही, बाइट दिसतो. ३ हा बाइट आला आणि आयसिग (अशा बाइटांचे सिग्नल करायचं सेटिंग) चालू असेल, तर समोर चालू असलेल्या प्रोसेस ग्रुपला, म्हणजे प्रोग्रॅमच्या गटाला, सिगइंट हा थांबायचा सिग्नल जातो. कॅपिटल 'सी'चा आस्की (अक्षराचा ठरलेला आकडा) ६७, कंट्रोलमुळे त्यातून ६४ वजा, उरले ३. माझी खिडकी 'म'चे यूटीएफ-८ या एन्कोडिंगमधले तीन बाइट आत ढकलत होती. सिग्नल येणार कुठून?

सीनियर म्हणाला, "एक्सचा कीकोड ५४ तपास, मिटलं." नाही मिटलं. एक्स ही लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, ५४ हा तिचा सीच्या बटणाचा आकडा. पण कीकोड म्हणजे बटणाची जागा, अक्षर नव्हे. ड्वोरॅक या वेगळ्या इंग्रजी लेआउटवर त्या जागी 'जे' हे अक्षर असतं. कोणी कंट्रोल-जे दाबून नवी ओळ मागितली की आमचा प्रोग्रॅमच मरायचा, अर्धी एंट्री घेऊन. "पाच मिनिटांचं काम" म्हणणाऱ्या सीनियरपासून चार हात लांब राहा.

घाबरू नका, उपाय छोटा आहे. कंट्रोलसोबत आलेलं अक्षर रोमन असेल तर त्यावरच विश्वास ठेवा, म्हणजे ड्वोरॅकवाले सुखी. नसेल तर त्याच बटणावर युजरच्या दुसऱ्या लेआउटमध्ये कोणतं रोमन अक्षर आहे ते बघा. दुसरा लेआउट नसेल तरच अमेरिकन धरा. मग ३ हा एकच बाइट टीटीवायला द्या. स्वतः किल मारू नका, म्हणजे थेट सिग्नल पाठवू नका; आत व्हिम हा एडिटर असेल तर त्याला तो बाइटच हवा असतो.

आणि कंट्रोल-बॅकस्लॅश (प्रोग्रॅम थांबवायचा आणखी एक सिग्नल) हा बाहेर पडायचा एकमेव रस्ता ठेवू नका. जर्मन कीबोर्डवर बॅकस्लॅशलाच ऑल्टजीआर, म्हणजे उजवं ऑल्ट, लागतं, वर कंट्रोल. एका हाताने करून बघा.